घागरभर पाण्याचं तिकीट

आमच्या घरात आवाजाची वाटणी मी जन्मायच्या आधीच होऊन गेली होती, आणि सगळा आवाज कौसाआत्याच्या वाट्याला गेला होता. तिनं अंगणातून "आगं" अशी हाक मारली की बाजारतळावरच्या दोन-तीन बाया मागं वळून बघायच्या. माझ्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. पिवळ्या व्हॅनमधून मी वडवणीच्या इंग्लिश स्कूलला जायचे आणि तशीच, तोंड न उघडता, परत यायचे. मॅडम दरवर्षी पप्पांना बोलावून सांगायच्या की मुलगी हुशार आहे, फक्त बोलत नाही. एका वर्षी पप्पांना वेळ नव्हता म्हणून आत्या गेली. तिनं मॅडमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिच्या वाटचं मी बोलते. तुमी मार्क द्या."

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. पप्पा कॉलेजात क्लार्क झाले ते तिच्या कोयत्यावर, असं मम्मीसुद्धा मान्य करायची, आणि मम्मी सहसा आत्याबद्दल काही मान्य करत नसे. दिवाळी झाली की आत्या आणि तिचे मालक टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही, कारण एकानं तोडायचं तर मोळी बांधायची कुणी? मालक वारले तेव्हा आत्या अर्धी झाली आणि आमच्याकडं राहायला आली. हे मी म्हणत नाही, ती स्वतःच असं सांगायची. "अर्धी झाले न् भावाकडं आले," दळण घेऊन आले म्हणावं तशा आवाजात.

पुढं तिला फुटबॉल लागला. आमच्या गावात फुटबॉल कुठून आला याच्या दोन-तीन कथा आहेत. मला त्यातली शाळेच्या पी.टी. सरांची खरी वाटते. क्रिकेटला बॅट लागते, स्टम्प लागतात, पॅड लागतात. याला फक्त एक चेंडू लागतो आणि तो फुटेपर्यंत पुरतो, असा हिशेब करून त्यांनी तो आणला म्हणे. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की टोळ्या घरी यायच्या, गाव भरायचं, आणि गायरानावर टूर्नामेंट सुरू व्हायची. तिकीट होतं घागरभर पाणी. मैदानात पाय घातला की घोट्यापर्यंत धुरळा. तेव्हा सामना बघायला येणाऱ्यानं घरून घागर आणायची, मैदानात ओतायची आणि बसायचं. आमच्या भागात उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणून धुण्याचं, भांड्याचं, डाळ-तांदळाचं पाणी चालायचं. पेनल्टीच्या जागेवर कायम तुरीच्या डाळीचा वास असायचा. कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेलेत आणि कुणाच्या घरी धुणं राहिलंय हे आम्हाला मैदानावरून कळायचं. एकदा एकानं रिकामी घागर उलटी करून दाखवली, तर पी.टी. सरांनी शिट्टी मारून त्याला बाहेर काढला. खेळाडू नव्हता, तरी बाहेर काढला.

बसायला बैलगाड्या आणि ट्रॉल्या लावलेल्या असायच्या. खायला मम्मी डबाभर धपाटे द्यायची, आणि शेजारच्या गाडीतून सुशीला यायचा, चुरमुऱ्याचा, वर शेंगदाण्याचा कूट घातलेला. कुणाचा सुशीला कुणाच्या ताटात हे अर्ध्या सामन्यानंतर सांगता येत नसे. मैदानाच्या कडेला एक रसवंतीवाला गाडा लावायचा आणि दरवर्षी तोट्यात जायचा. सहा महिने ऊस तोडून आलेल्या माणसांना तो उसाचा रस विकायला बघत होता. लोक त्याच्या गाड्याकडं पाठ करून बसायचे.

आत्याची जागा ठरलेली होती, आमच्या गोलच्या बरोबर मागं, उलट्या घागरीवर. तिथं ती शोभेला बसत नसे. आमचा गोलकीपर भरत हा आत्याच्या जुन्या टोळीतला, शेजारचाच. उसाच्या फडात त्याचं काम ट्रकवर उभं राहण्याचं. खालून फळीवरून मोळी येते, ती घ्यायची आणि मागं टाकायची, घ्यायची आणि मागं टाकायची, हंगामभर हेच. त्यामुळं भरतच्या हातातून चेंडू सुटायचा नाही. कुठूनही येऊ दे, तो घ्यायचाच. आणि घेतला की मागं टाकायचा. मागं आमचा गोल.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा सगळ्या मैदानाला काही क्षण काही सुचलंच नाही. भरतलासुद्धा नाही. तो पुढची मोळी घ्यायला हात पसरून उभा होता. त्या दिवसापासून आत्या गोलच्या मागं बसायला लागली. चेंडू भरतच्या हातात गेला रे गेला की ती ओरडायची, "म्होरं टाक!" आणि भरत पुढं टाकायचा. तिचा आवाज थेट त्याच्या हातांना ऐकू जायचा, डोक्याला विचारत बसायचा नाही. मी तिच्या शेजारी बसून हे बघत असायचे आणि घरी येऊन गृहपाठ करायचे. मला कुणी काही विचारायचं नाही, मला तेच हवं असायचं.

मग एका उन्हाळ्यात तिकिटं आली. जिल्हा परिषदेला उभं राहायच्या तयारीत असलेल्या एका भाऊंनी माणसाएवढा उंच करंडक द्यायचं कबूल केलं. करंडक आला म्हणून स्टेज आलं, स्टेज आलं म्हणून सोफा आला, आणि सोफा फुकट्यांपासून वाचवायचा म्हणून मैदानाला चारी बाजूंनी हिरवं कापड आलं. गाड्या-ट्रॉल्या बाहेर. घागरी बाहेर; पाणी मारायला आता टँकर होता. फाटकावर माणसं मोजायला हुशार माणूस हवा होता, म्हणून कमिटीनं नामदेव मुकादमाला बसवलं. नामदेव मुकादमानं आयुष्यभर एकाच मापानं माणसं मोजली होती. त्यानं स्वतःच्या डोक्यानं कुपनं छापून आणली. त्यांच्यावर लिहिलं होतं, 'एक कोयता, पन्नास रुपये'.

उपांत्य सामन्याला मी आणि आत्या सवयीनं घागर घेऊन गेलो होतो. फाटकावर गर्दी होती आणि गर्दीला काही कळत नव्हतं.

"दोन गडी हाव आमी. एक कूपन द्या," एक जण म्हणाला.

"दोन गडी म्हंजे दोन अर्धे," मुकादम म्हणाला. "कोयत्यात एक गडी लागतो, एक बाई लागती. अर्धा कोयता चालत न्हाई."

"आरं आपल्याला काय ऊस तोडायचाय का बे आत?"

"नियम हाय."

"कुणाचा?"

"माझाच," मुकादम शांतपणे म्हणाला.

पोरं हसली, पण मुकादम हसला नाही, आणि हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की तो चेष्टा करत नाहीये. 'फुटबॉल बायांचं काम न्हाई' असं वर्षानुवर्षं सांगत आलेले गडी घराकडं पळत सुटले. त्या संध्याकाळी गावात जे घडलं ते मी बघितलं नाही, पण आमच्या गल्लीतल्या संगीताकाकूंनी पुढं कितीतरी वर्षं ते सांगितलं. त्यांच्या मालकांनी आधी पाणी भरलं, मग म्हशीखालचं शेण काढलं, मग चहा केला, आणि काकू म्हणाल्या, "चहात साखर कावून कमी हाय?" तेव्हा कुठं त्या उठल्या.

आत्याची अडचण मात्र निराळी होती. पप्पा अंबाजोगाईला होते. फाटकावर एक-दोघांनी, "आत्या, चला माझ्यासंगं, आपला एक कोयता," असं म्हटलंही, सरळ मनानं म्हटलं. तिनं घागर उचलली, बाहेरच्या लिंबाखाली ओतली आणि घराकडं चालू लागली. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. आम्ही दोघी एकाच वेळी गप्प आहोत असं त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

आत भरतनं एक चेंडू घेतला आणि मागं टाकला. आम्ही कसेबसे जिंकलो. रात्री तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. "आत्या, फायनलला तू पायजेस. मला कळतंय मागं टाकू न्हाई. पर हाताला कळत न्हाई."

"मी अर्धी हाय, बाबा," आत्या म्हणाली. "अर्धी चालत न्हाई."

फायनलच्या दिवशी लग्नाची दाट तीथ होती. पप्पा आणि मम्मी धर्मापुरीला एका लग्नाला गेले. परीक्षा संपून गेली होती तरी, अभ्यास आहे, असं सांगून मी मागं राहिले. दुपारी आत्या माझ्याकडं बराच वेळ बघत बसली. मी तेव्हा चौदा वर्षांची, काठीसारखी. तिनं कपाटातून माझी शाळेची ट्रॅक पँट काढली, पप्पांचा शर्ट काढला, माझी वेणी टोपीत कोंबली आणि दोन पावलं मागं सरकून म्हणाली, "झाला गडी."

"आत्या, नको ना."

"तुला काय करायचंय? बोलू नको म्हंजे झालं. तेवढं तर येतंय तुला."

ते खरं होतं. न बोलणं ही एकच गोष्ट मला गावात सगळ्यांपेक्षा चांगली येत होती. आम्ही फाटकाशी गेलो. लाऊडस्पीकरवर भाऊंचं स्वागत चाललं होतं. अंबाजोगाईच्या पोरांची बस येऊन उभी होती आणि त्यांच्या पायांत एकसारखे बूट होते. रांगेत सगळी जोडपी, लग्नाच्या पंगतीला आल्यासारखी नटून. बायांच्या हातात डबे, कुणाच्या ओटीत नंतर निवडायला तूर. मुकादमानं आत्याकडून पन्नासाची नोट घेतली, कूपन दिलं, माझ्याकडं बघितलं आणि सहज, अगदी मायेनं विचारलं, "नाव काय रं तुझं, गड्या?"

यापुढचं शाळेमुळं झालं. आमच्या शाळेत मोठ्या माणसानं नाव विचारलं की ताठ उभं राहायचं आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, असं लहानपणापासून अंगात मुरवलेलं होतं. माझे पाय आपोआप जुळले आणि मी म्हणाले, "माय नेम इज ऋतुजा, सर."

मग कुणीतरी मागून म्हणालं, "गडी शिकलेला हाय." आणि जे हसू फुटलं ते मला आजही, ऑफिसात कुणी नाव विचारलं की, ऐकू येतं. आत्यानं टोपी काढून घेतली आणि वेणी खाली पडली. मी पाय जुळवलेलेच ठेवले. काय करावं ते कळत नव्हतं.

"आक्का," मुकादम म्हणाला, "ह्या दोन बाया झाल्या. दोन बाया म्हंजे कोयता न्हाई."

"बरूबर हाय, नामदेवा," आत्या म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. मला एवढं बरं वाटलं की लाज वाटायची राहिली. "कोयता न्हाईच. फडात ऊस कोण तोडतं?"

"दोघंबी."

"उसाच्या शेंड्याचं वाडं कोण बांधतं? मोळी डोक्यावर घिऊन फळीवर कोण चढतं? कोपीत येऊन भाकरी कोण थापतं? तुझा गडी तवर काय करतो?"

"तंबाखू मळतो," रांगेतून एक बाई म्हणाली.

"मंग दोन बाया म्हंजे एक कोयता न्हाई, दीड हाय. तू एका कोयत्याचं कूपन दिलंस. वरच्या अर्ध्याचं काय ते तूच बघ."

मुकादमानं आयुष्यात पुष्कळ माणसांशी वाद घातले होते, पण ते सगळे त्याच्या मापाबद्दल होते. त्याच्याच मापानं त्याला कुणी मोजलं नव्हतं. तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. तेवढ्यात संगीताकाकूंनी मालकांच्या हातातून डबा काढून घेतला, रांगेतून बाहेर आल्या आणि शेजारच्या काकूंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मुकादम, आमचाबी दीड लिवा." पाठोपाठ दुसरी जोडी, मग तिसरी. थोड्या वेळात सगळ्या बाया दोन-दोन करून आत गेल्या होत्या आणि फाटकाबाहेर गावातले सगळे गडी, इस्त्रीच्या कपड्यांत, अर्धे-अर्धे उभे होते. त्यांना सोडायची मुकादमाला सोय राहिली नव्हती. नियम त्याचाच होता.

सामना सुरू झाला तेव्हा मैदान पहिल्यांदाच पूर्ण भरलं होतं आणि त्यात पी.टी. सर, खेळाडू, भाऊ आणि भाऊंची माणसं सोडली तर एक पुरुष नव्हता. हिरव्या कापडाच्या खालून गड्यांची डोकी आत आली होती, ओळीनं, बाजारात कलिंगडं मांडावीत तशी. प्रत्येक कलिंगडाला मिशा होत्या. सोफ्यावरचे भाऊ हात जोडून त्यांना नमस्कार करायला लागले, पण डोकी जमिनीला टेकलेली असल्यामुळं त्यांना मान हलवता येत नव्हती. बायांनी तूर निवडायला घेतली. सुशीला फिरला. आम्ही गोलच्या मागं जाऊन बसलो, आणि आत्या पहिल्यांदा ओरडली, "म्होरं टाक!"

एवढंच. फाटकावर तिनं उरलेला सगळा आवाज खर्च केला होता की उन्हाचा परिणाम होता, माहीत नाही. पण दुसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं तेव्हा आतून नुसती हवा आली. तिनं पाणी प्यायलं. खडीसाखर चघळली. पुन्हा हवा. पूर्वार्ध तसा सुखरूप गेला, चेंडू आमच्याकडं फारसा आलाच नाही. उत्तरार्धात आम्ही एक गोल केला, आणि मग अंबाजोगाईची पोरं चिडली. आता चेंडू आमच्याच बाजूला राहिला. भरत सारखा मागं वळून आत्याकडं बघत होता आणि आत्या गळ्याकडं बोट दाखवत होती. भरतचा चेहरा उतरला. आमच्या गोलच्या मागं बसलेल्या बायांना काहीतरी बिघडलंय हे कळलं आणि तूर निवडायची थांबली.

शेवटी शेवटी त्यांच्या एका उंच पोरानं लांबून फटका मारला. चेंडू वरून, हळू, गरगरत आला, अगदी फळीवरून मोळी येते तसा. भरतनं दोन्ही हात वर केले आणि तो घेतला. मी त्याच्या खांद्यांकडं बघत होते. इतकी वर्षं गप्प बसून मी तेच बघत आले होते, त्यामुळं मला ठाऊक होतं की खांदा आधी वळतो. खांदा वळायला लागला. आत्यानं माझ्या पाठीत कोपर मारलं.

मी हात वर केला.

हे मी कुणालाही सांगत नसे, पण आता सांगते. वर्गात बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा असतो. मी बोट वर करून परवानगीची वाट बघत होते. सगळ्या गावासमोर, भरतचे हात डोक्याच्या मागं निघालेले असताना. परवानगी देणारं कुणी नव्हतं. मग आतून काहीतरी आलं. शाळेतला शब्द आला नाही, मम्मीनं घोटून घेतलेला 'पुढे'सुद्धा आला नाही.

"म्होरं!"

तो आवाज माझा होता असं मला नंतर सांगण्यात आलं. त्या वर्षी गाडा बाजारतळावर नेलेल्या रसवंतीवाल्यानं घुंगरू थांबवले म्हणे. भरतच्या हातांनी तो ऐकला. हात जिथं होते तिथून उलटे फिरले आणि त्यांनी हंगामभराची सगळी ताकद लावून चेंडू पुढं फेकला. इतका पुढं की तो मैदान ओलांडून स्टेजवर गेला आणि भाऊंच्या मांडीत बसला, चहाच्या कपासकट. भाऊ मुरलेले. त्यांनी चेंडू दोन्ही हातांनी धरला, हार धरतात तसा, आणि फोटोवाल्याकडं बघून हसले. पी.टी. सरांनी शेवटची शिट्टी मारली. कापडाखालची कलिंगडं ओरडायला लागली. आत्याला ओरडता येत नव्हतं म्हणून तिनं टोपी माझ्या डोक्यावर उलटी घातली.

आता मी पुण्यात असते, आणि मॅडमना सांगायला हरकत नाही, अजूनही फारसं बोलत नाही. मागच्या महिन्यात आत्याला इथं मोठ्या स्टेडियमवर सामना बघायला नेलं. तिकिटं फोनवर काढली. दोघींच्या पैशांत आत्याची एक बरी साडी आली असती, आणि वर सुविधा शुल्क होतं; सुविधा कुणाची ते लिहिलं नव्हतं. फाटकावर घरचा डबा काढून घेतला, पाण्याची बाटलीही काढून घेतली. "पाणी नेलं की आत सोडायचे," आत्या म्हणाली, "आता पाणी टाकलं की सोडतेत." आत पाणी विकत होते. हिरवळीवर मात्र पाण्याचे फवारे चालू होते, चांगल्या, न वापरलेल्या पाण्याचे. ते ती बराच वेळ बघत राहिली. पुढच्या दाराशी एका मुलीनं आमच्या मनगटांना कागदाचे रंगीत पट्टे बांधले. आत्यानं हात उलटासुलटा करून बघितला. "पट्टा बांधला म्हंजे हंगाम चालू," ती म्हणाली.

आमच्या जागा इतक्या उंचावर होत्या की गोलकीपर बोटाएवढा दिसत होता. जिन्यापाशी गणवेशातला एक मुलगा लोकांना वाट दाखवत होता. त्यानं आमच्याकडं बघितलं, मागं आणखी कुणी येतंय का तेही बघितलं, आणि आत्याला विचारलं, "दोघीच का, मावशी?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. ती गप्प राहिली, मुद्दाम.

"दीड," मी म्हणाले.